आंबागडच्या टेकडीवरचा इंग्रजी दगड

१८ जानेवारी १९७९, आंबागड कॅम्प

साहेबांनी ही कोरी फील्डबुक दिली. म्हणाले, रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल. माझं अक्षर सुधारण्याच्या पलीकडे गेलं आहे. पण सरकारी वही आहे, वाया कशाला घालवा. कोणी वाचायची नाही. बरोबरच्या ताराचंद खलाशाने तर अजिबात नाही.

नाव घनश्याम. गाव आसगाव, तालुका पवनी. शिक्षण सातवी. पुढे नापास लिहायची गरज नाही, सातवीच्या वर्गात बसलो होतो हे खरं आहे. नोकरी सर्व्हे पार्टीत खलाशी, रोजंदारीवर. मोजणीची साखळी ओढतो, दुर्बिणीची तिवई वाहतो, दूर जाऊन झेंडी धरतो. घरच्या पत्रात मी सर्व्हेअर लिहिलं आहे. साहेब दुर्बिणीतून बघतात ते मी धरलेल्या झेंडीकडेच. म्हणजे अर्धा सर्व्हे माझा.

१९ जानेवारी

तीन ठराव केले.
एक, पहाटे पाचला उठणे.
दोन, इंग्रजी आकडे वीसच्या पुढे शिकणे.
तीन, होळीच्या आत नोकरीत कायम होणे.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. दिवाळीत ललिताचा बाप केवळराम मला तोंडावर बोलला. पोरगी द्यायले माही ना नाही, म्हणे, पण रोजंदारीवाल्याले देत नाही. होळीपावतर सरकारी कागद आण. नाही तर एकोडीचं स्थळ हाये, पाच एकर धान पिकते त्याचं. ललिता तेव्हा मागे बसून तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही, पण जरासं हळू झालं. ही खूण मला कळते.

होळी तेरा मार्चला. भरपूर वेळ आहे.

२० जानेवारी, सकाळी ८

आत्ता उठलो. थंडी आहे. पहिला ठराव उन्हाळ्यापासून.

२२ जानेवारी

आज नशीब उघडलं.

साहेबांनी, म्हणजे सर्व्हेअर मधुकररावांनी, सगळ्यांना तंबूसमोर बसवून एक जुनं इंग्रजी बुक दाखवलं. शंभर वर्षांच्याही आधी एक इंग्रज साहेब इथे मोजणीला आला होता. चाळीस हमाल, दोन हत्ती, वर तापाच्या गोळ्यांची पेटी. आंबागडच्या किल्ल्याच्या मागच्या टेकडीवर त्याने एक दगड बसवला. दगडावर गोल, गोलाच्या मधोमध टिंब. इथून चांदपूरचा डोंगर, तिथून पुढचा, असं करत करत त्याने पार मद्रासपासून हिमालयापर्यंत म्हणे मोजत नेलं. आता नवीन नकाशा करायचा तर आधी तो दगड पाहिजे. त्याभोवती बांधलेल्या चौथऱ्याचे दगड लोकांनी कुंपणाला नेले, पण हा एक असेल, असं साहेबांचं मत.

साहेबांचा डावा गुडघा सुजला आहे. ते म्हणाले, मला उगाच वर चढायला लावू नका. जो दगड शोधून दाखवेल त्याचं नाव मी नागपूरला पाठवतो, कायम करायला.

ताराचंद जांभई देत होता. तो सात वर्षांपासून रोजंदारीवर आहे. अशा माणसाचं काय होणार.

बुकात इंग्रजाचं नाव तीन वेळा आहे, मी पाहिलं. दगड डोक्यावर घेऊन चढला त्याचं एकदाही नाही. माझ्या वेळेपासून ही पद्धत बदलणार.

२३ जानेवारी

टेकडीवर गेलो. दगड नाही.

२४ जानेवारी

वर दगड पुष्कळ आहेत. इंग्रजी एकही नाही.

२७ जानेवारी

काटे लागले. एक विंचू भेटला. दुपारचा डबा वरच खातो. बसायला एक चांगला सपाट दगड सापडला आहे, सागाच्या झाडाखाली. तेवढीच सोय.

३१ जानेवारी

बेबीबाई म्हणाली (ती गावातली, आमच्या कॅम्पचा स्वयंपाक करते), काहून रे बाबू, दहा दिवस झाले, दगड पाहून राहिला का दगडाशी लगन लावून राहिला. शोध लावणाऱ्या माणसाला लोक सुरुवातीला हसतात.

२ फेब्रुवारी

दगड सापडला.

जेवताना डाळ सांडली. बसायच्या दगडावरची शेवाळ पाण्याने धुतली तर खाली गोल, मधोमध टिंब. आठ दिवस मी त्याच्यावरच बसत होतो. याचा अर्थ मला आतून जागा कळली होती.

३ फेब्रुवारी

साहेब नागपूरला गुडघा दाखवायला गेले. चार दिवसांनी येणार. मी विचार केला. साहेबांना चढवत नाही. दगड तर दाखवायचा आहे. मग दगडानेच खाली यायला काय हरकत आहे. इतकी साधी गोष्ट इंग्रजाला सुचली नसती.

उद्या सब्बल (लोखंडी पहार) घेऊन जातो.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

पाठ मोडली, पण काम झालं. दगड उपटला. खाली आणखी माती उकरली तर सब्बल खणकन वाजली. दीड हात खाली आणखी एक दगड, तस्साच गोल, तस्संच टिंब. इंग्रज लोक सामानाला पक्के. एक फुटला तर दुसरा असावा म्हणून जादा ठेवला असणार. दोन्ही काढले.

खड्डा उघडा ठेवला नाही. कोणाची गाय पाय मोडून घेईल. माती भरली, तुडवली, वर पाला पसरला. आता कोणी म्हणणार नाही इथे काही होतं म्हणून. सरकारी काम असं पाहिजे.

गावातल्या भय्याजीच्या बैलबंडीवर घालून दोन्ही दगड खाली आणले. भय्याजी म्हणाला, घर बांधून राहिला का बे.

५ फेब्रुवारी

मुख्य दगड धुऊन, पुसून माझ्या खाटेवर ठेवला. जादाचा दगड बेबीबाईला दिला. तिचा पाटा चिरला होता. ती खुश. म्हणाली, मंधातला खळगा चांगला हाये, लसूण घरंगळत नाही.

६ फेब्रुवारी

ताराचंदने दगड पाहिला. आधी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, अबे येड्या, हा अठी कायले आणला. मी सांगितलं, साहेबांचा गुडघा. तो म्हणाला, साहेबाले दगड नाही पाहिजे रे बाबू, दगडाची जागा पाहिजे. हा तुह्या खाटेवर आला म्हणजे आता नकाशात तुही खाट येते का.

मी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. पूर्ण पटलं नाही. पण साहेब उद्या येणार, त्यामुळे आजच परत नेऊन बसवलेला बरा.

काळजीचं कारण नाही. आमच्या आसगावात धुऱ्याचा (शेताच्या हद्दीचा) दगड हलवून जसाच्या तसा बसवणं हे लहान पोरालाही येतं. माझे आजोबा दर पावसाळ्याच्या आधी शेजाऱ्याच्या बांदीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, दगड एक वीत सरकवायचे, आणि शेजारी दिवाळीनंतर परत. चाळीस वर्षांत भांडण एकदाच झालं. या विद्येत आमचं घराणं मोठं आहे.

तोच दिवस, संध्याकाळ

जागा सापडली नाही. सागाची पानं इतकी गळली आहेत की सगळी टेकडी सारखी दिसते. खड्डा फारच चांगला बुजवला होता. एवढं चांगलं काम करायला नको होतं.

शेवटी एक योग्य जागा निवडली. खरं म्हणजे आधीपेक्षा चांगली. हवा येते, चांदपूरचा डोंगर स्वच्छ दिसतो. इंग्रजाने आधीच इथे बसवायला हवा होता.

८ फेब्रुवारी

साहेबांना खाटेवर बसवून चौघांनी वर नेलं. त्यांनी दगडावर हात फिरवला. टिंबावर बोट ठेवून बराच वेळ बसले. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घनश्याम, शंभर वर्षांत या टिंबावर बोट ठेवणारे आपण पहिले. मी म्हटलं, हो साहेब. नाव पाठवतो म्हणाले.

ताराचंद तिकडे तोंड करून बिडी पेटवत होता. वारा नसताना त्याला चार काड्या लागल्या.

घरी पोस्टकार्ड टाकलं: काम झालं, केवळरामला सांगा.

११ फेब्रुवारी

साहेब रोज खाटेवरून वर येतात, दगडावर दुर्बीण लावून चांदपूर बघतात आणि आकडे लिहितात. मग पुन्हा बघतात.

१३ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, चांदपूरचा डोंगर वीस फूट सरकला आहे.

मी म्हटलं, डोंगर म्हातारा झाला की सरकत असेल साहेब. ते पुन्हा दुर्बिणीत बघू लागले. मुद्दा त्यांना पटला असावा.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या बाजूचा डोंगरपण सरकला. तोही वीस फूट, पण उलट्या बाजूला. साहेब दाढी करत नाहीत. रात्रंदिवस आकड्यांचं पुस्तक उघडून बसतात. बेबीबाईने भात वाढला तर म्हणाले, किती अंशाचा आहे.

१९ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, एक तर माझं चुकतंय, नाही तर इंग्रजाचं. इंग्रजाचं चुकलं असेल तर सगळा जुना नकाशा खोटा ठरतो. मी विचारलं, साहेब, इंग्रजाची चूक सापडली तर कोणाचं नाव होईल. म्हणाले, शोधणाऱ्याचं.

म्हणजे माझं. मीच दगड शोधला.

घरी दुसरं पोस्टकार्ड: इंग्रज सरकारची शंभर वर्षांची चूक माझ्यामुळे उघडकीस आली. आता कायम होणं ही लहान गोष्ट आहे.

२४ फेब्रुवारी

भावाचं पत्र आलं. केवळराम म्हणतो, इंग्रज गेले, त्याईची चूक काढून आता कोणाचं पोट भरते. कागद आण. एकोडीचे लोक दोनदा येऊन चहा पिऊन गेले. ललिताने दुसऱ्या वेळी चहात साखर टाकली नाही, हे भावाने खाली वेगळ्या शाईने लिहिलं आहे.

तिने मुद्दाम टाकली नाही. मला ठाऊक आहे.

२५ फेब्रुवारी

साहेब सकाळी एकदम ताजे. दाढी केलेली. म्हणाले, रात्रभर जुनं बुक पुन्हा वाचलं. इंग्रज फार पुढचा विचार करणारा होता. वरच्या दगडाच्या अगदी खाली, ओळंब्यात, तो आणखी एक दगड पुरून ठेवायचा. कोणी मूर्खाने वरचा हलवला तर खालच्यावरून जागा कळावी म्हणून.

मी सब्बल तंबूमागे ठेवून आलो. तिला अजून त्या दिवसाची माती होती.

साहेब म्हणाले, घनश्याम, खण.

तीन फूट खणलं. चार फूट खणलं. नाही हे ठाऊक असलेली वस्तू मनापासून शोधणं फार कष्टाचं काम आहे, पण मी कसूर केली नाही. पाचव्या फुटाला खडक लागला. साहेब काठावर बसून म्हणत होते, असायला पाहिजे, असायलाच पाहिजे.

२७ फेब्रुवारी

साहेबांनी उलटा हिशोब मांडला. डोंगर हलत नाहीत असं धरलं तर दगड कुठे असायला हवा, हे कागदावर काढलं. मग पट्टी लावून वीस फूट चालत गेले आणि सागाखाली थांबले. हातातली काठी खाली टेकवली. काठी वीतभर आत गेली.

एक पान पडलं.

साहेब खाली येऊन चहा मागायला बेबीबाईच्या चुलीजवळ गेले. ती चटणी वाटत होती. साहेबांनी पाट्यावरची चटणी बोटाने बाजूला सारली. खाली गोल. मधोमध टिंब. बेबीबाई म्हणाली, घ्या ना साहेब चाखून, झणझणीत हाये, घनश्यामनं पाटा देल्ला, लय गुणाचा पोरगा.

मी स्वतःहून सगळं कबूल केलं. साहेबांनी विचारायचीही वाट पाहिली नाही. दोनदा विचारलं होतं, पण जोरात नाही.

मला वाटलं मारतील. ते जमिनीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता गुडघा अडकला, मग ताराचंदने चोळून दिला. नंतर साहेब हळूच म्हणाले, अरे, तो माणूस तापाने फणफणत, हत्ती मरत असताना दोन दगड एकावर एक लावून गेला. त्याने हिशोबात वारा धरला, पाऊस धरला, चोर धरले. तू धरला नव्हतास.

यात माझी एक प्रकारे स्तुती आहे.

१ मार्च

साहेबांनी मला काढलं नाही. म्हणाले, माती उकरलेली आहे, त्यामुळे जुनी जागा बोटाबोटाने सांगता येत नाही. आता चांदपूरच्या डोंगरावरून या टेकडीकडे बघून जागा पुन्हा ठरवायची. तिथे एक खुंटी ठोकली आहे. खुंटीवर कोणीतरी झेंडी सरळ धरून उभं राहायचं. भुसभुशीत मातीत काठी टिकणार नाही, म्हणून माणूस पाहिजे.

म्हणाले, हे एक काम नीट कर. जागचा हलू नकोस. तुझं नाव मी अजूनही पाठवतो, कागद हातात देतो.

सगळं पुन्हा माझ्यावर आलं. मला आनंदच झाला.

८ मार्च

कॅम्प हलला. साहेब खाटेवरून, ताराचंद आणि बाकीचे पायी, चांदपूरच्या डोंगरावर. मी एकटा वर. धुकं असलं तर चार दिवसही लागतील, साहेब म्हणाले. काम झालं की ते आरसा उन्हात धरून तीनदा चमकवणार, मग मी उतरायचं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभं राहायचं. सामान: मुरमुरे, गूळ, घागरभर पाणी. बेबीबाई एकदिवसाआड भात आणून देईल.

हिशोब केला. अकराला काम संपेल, बाराला साहेबांकडून कागद घेईन, तेराला होळीच्या दिवशी आसगावात.

९ मार्च, शुक्रवार

उभा आहे. उजवा हात दुखला की डावा. शर्टाने घाम पुसता येत नाही, झेंडी हलते.

दुपारी चांदपूरच्या बाजूला काहीतरी चमकलं. एकदा, दोनदा, तीनदा. कोणाचं तरी टिनाचं छप्पर असेल. पहिल्याच दिवशी काम कसं संपेल. साहेबांना डोंगर सरकवायलाच आठ दिवस लागले होते. शिवाय सरकारी आरसा जरा ठसक्यात चमकत असणार.

१० मार्च

पुन्हा काही चमकलं नाही. म्हणजे काम जोरात चालू आहे.

उभा राहून एक गोष्ट कळली. सगळा जिल्हा माझ्याभोवती आहे. मी एक बोट डावीकडे सरकलो तर तुमसर सरकेल. दोन बोटं सरकलो तर भंडारा. आसगाव तर पार नदीत जाईल. एवढी जबाबदारी इंग्रजावरही नव्हती. त्याच्याजवळ जादाचा दगड होता.

११ मार्च

बेबीबाई भात घेऊन आली. मला पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, बाबू, शेतात बुजगावणं उभं करते तसं कर ना, सदरा काठीले घाल अन् जाय. तिकडं तुही नवरी दुसऱ्याच्या मांडवात जाऊन राहिली अन् तू अठी बगळ्यासारखा.

मी तिला समजावलं, बुजगावणं पाखरांना फसवतं, दुर्बिणीला नाही. आणि सरकारचा शब्द आहे. ती म्हणाली, सरकारले माहीत तरी हाये का तू अठी हायेस म्हणून.

बायकांना सर्व्हे कळत नाही. भात चांगला होता.

१२ मार्च, दुपार

आज निघायला हवं. तुमसरहून दोनची गाडी, भंडाऱ्याला बदलून पवनी. कागद नसताना गेलो तरी केवळरामला तोंडाने सांगता येईल.

दोनदा झेंडी खाली ठेवली. दोनदा उचलली. आत्ताच साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसले असतील तर. इतके दिवस धरली, शेवटच्या दिवशी सोडली असं नको व्हायला. ललितालाही पुढे सांगता येईल की मी हललो नाही.

गाडी गेली असेल.

१३ मार्च, होळी

दहाच्या सुमारास ताराचंद वर आला. अंगात नवीन खाकी सदरा. मला पाहून दोन पावलं मागे गेला. म्हणाला, अबे, तू अठीच हायेस.

तो झेंडी न्यायला आला होता. सामानाच्या यादीत एक झेंडी कमी भरत होती.

काम शुक्रवारी दुपारीच झालं होतं. साहेबांनी स्वतः आरसा धरला, तीनदा. शनिवारी विचारलं, घनश्याम कुठे. सगळे म्हणाले, होळी आली, पोरीसाठी आसगावले पळाला असंल. साहेब रागावले नाहीत. शिफारशीचा कागद लिहून खिशात ठेवला, सोमवारपर्यंत वाट पाहिली. काल नागपूरची जीप आली तेव्हा माझं नाव खोडून ताराचंदचं घातलं. हजेरीपटावर माझ्यापुढे शनिवारपासून गैरहजर लिहिलं आहे.

ताराचंद हे सगळं सांगताना सदऱ्याची बटणं चाचपत होता. म्हणाला, मी मागतलं नोहतं रे. मी म्हटलं, ठीक आहे. आज संध्याकाळपर्यंत आसगावला पोचवणारी एक गाडी अजून आहे, त्याने आठवण करून दिली. मी विचारलं, कशाला.

त्याने झेंडी माझ्या हातातून घेतली. बोटं उघडायला त्यालाच मदत करावी लागली.

मी विचारलं, मोजणी बरोबर आली का. म्हणाला, एकदम बरोबर. एक बोटाचा फरक नाही. साहेब तर सगळ्याईले सांगत होते, पोरगा पळाला खरा, पण झेंडी अजून दुर्बिणीत हालत नाही, जातानी काठी काय मजबूत गाडून गेला.